त्रेचाळीस हजार प्रश्नचिन्हं

खडकी बाजारात, स्टेशनकडून येताना उजव्या हाताला एक चष्म्याचं दुकान आहे. त्याच्या बाजूचा अरुंद जिना चढून गेलं की कल्याणीचं ऑफिस. ऑफिस म्हणजे एक खोली, पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात पाण्याचा माठ. मराठी मजकूर टाइप करून द्यायचा, हा धंदा. २००९ च्या फेब्रुवारीत या खोलीला कायमचं कुलूप लागायची वेळ आली होती. ती वेळ कुणी आणली हे सांगताना आवाज खाली ठेवणं जमणार नाही, तेव्हा आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कल्याणीचे वडील भीमराव दारूगोळा कारखान्यात कामाला होते. क्वार्टरमध्ये दोन खोल्या आणि घरात एकच हट्ट, पोरांनी शिकायचं. कल्याणी दहावी झाली तेव्हा त्यांनी तिला मराठी टायपिंगच्या क्लासला घातलं. मिनिटाला चाळीस शब्दांची परीक्षा ती पहिल्या फटक्यात पास झाली. मग बी. कॉम. झालं, आणि १९९९ साली, जेव्हा अख्खं पुणं कॉम्प्युटर शिकायला निघालं होतं, तेव्हा तिनेही स्वारगेटजवळच्या एका क्लासमध्ये जावाचा वर्षभराचा कोर्स केला. संध्याकाळची बॅच. दोन बस बदलून जायची, दोन बदलून यायची. वर्गात पहिली आली. कुणी पाठ थोपटली नाही, पण पहिली आली.

त्यानंतर अकरा मुलाखती. प्रत्येक ठिकाणी काचेची खोली, समोर टाय लावलेला तिच्याच वयाचा कुणीतरी, आणि पहिला प्रश्न, टेल मी अबाउट युवरसेल्फ. गंमत म्हणजे समोरचा निम्म्या वेळा कोथरूडचा नाहीतर चिंचवडचा असायचा. कल्याणी मनात मराठीत वाक्य जुळवायची, ते इंग्रजीत फिरवायची, तोवर समोरचा घड्याळाकडे बघायचा. प्रोग्राम लिहायला दिला की ती लिहून मोकळी व्हायची. त्याकडे कुणी फारसं बघायचं नाही. अकराव्या ठिकाणी एकाने तोंडावर सांगितलं, "टेक्निकली ठीक आहे हो, पण तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं." त्या शब्दावर तिचा तेव्हापासून दात आहे. घरी येऊन तिने फाइल कपाटात टाकली आणि तीन वर्षांनी ही खोली घेतली.

खोलीत तिच्यासोबत चौघी. सर्वांत मोठ्या सुंदराबाई, वय छप्पन्न, लोणी काळभोरच्या. कोर्टाबाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन वीस वर्षं अर्ज बडवलेल्या. टाइपरायटर गेले तेव्हा कल्याणीने त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं, आणि पंधरा दिवसांत बाईंनी बाकीच्यांना मागे टाकलं. त्यांच्यानंतर नम्रता, आणि आणखी दोघी. सुंदराबाई सोडल्या तर सगळ्या तिशीच्या आतल्या, आणि प्रत्येकीच्या घरी 'बसून टायपिंग करणं हे काय काम आहे का' असं म्हणणारं कुणी ना कुणी होतंच.

२००८ च्या दिवाळीनंतर एका जुन्या शिक्षणसंस्थेचं काम आलं. नाव सांगून काय करायचं, पुण्यात अशा संस्था कमी नाहीत. त्यांच्या शाळांची साठ-सत्तर वर्षांची जनरल रजिस्टरं होती. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, सगळं बोरूने, नाहीतर शाईच्या टाकाने लिहिलेलं. ते कॉम्प्युटरवर चढवायचं, म्हणजे दाखल्याची दुसरी प्रत मागायला माणूस आला की पाच मिनिटांत देता येईल. त्यासाठी औंधच्या पलीकडच्या एका कंपनीने सॉफ्टवेअर केलं होतं. टायपिंग कल्याणीकडे आलं.

सॉफ्टवेअरमध्ये एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात तिच्या डोळ्यात खुपली. नोंद टाइप करून 'सेव्ह' दाबलं की इंग्रजीत 'रेकॉर्ड सेव्हड' असं यायचं आणि समोरचा फॉर्म कोरा व्हायचा. टाकलेली नोंद उघडून बघायची सोयच नव्हती. तिने कंपनीचे मालक श्रीनिवास यांना मेल टाकली, की आम्हाला आमचं टायपिंग तपासायला नोंदी बघता आल्या पाहिजेत. दोन ओळींचं उत्तर आलं. डेटा एन्ट्रीच्या लोकांना व्ह्यू राइट्स देणं सुरक्षेच्या धोरणात बसत नाही, नोंदींची मोजणी आमच्याकडून रोज होईल. वाचून तिच्या डोक्यात तिडीक गेली. टाकायचं आम्ही, आणि टाकलेलं बघायचं मात्र नाही. पण काम हातचं जाऊ द्यायचं नव्हतं, म्हणून गप्प बसली. ते गप्प बसणं तिला पुढे फार टोचलं.

अडीच महिने चौघी बसल्या. शाई उडालेली, वाळवीने खाल्लेली पानं. एखादं गाव लागेना की सुंदराबाई चष्मा कपाळावर सरकवून पान खिडकीशी न्यायच्या आणि म्हणायच्या, "हे आळे न्हाई, आळंदी हाय. ळ वरचं टिंब बघ जरा." एकेका नावावर एवढी मेहनत. रोज संध्याकाळी कंपनीकडून आकडा यायचा, आज इतक्या नोंदी झाल्या. जानेवारीअखेर आकडा त्रेचाळीस हजारांवर गेला आणि काम संपलं. नम्रताने त्या दिवशी सगळ्यांना बाकरवडी आणली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेचे कार्यवाह बापूराव यांचा फोन आला. उद्या सकाळी या, काम गंभीर आहे. कल्याणी गेली. बापूरावांनी टेबलावरून एक कागद तिच्याकडे सरकवला. दाखल्याची पहिलीच प्रत, एका निवृत्त गृहस्थांसाठी छापलेली. तारखा बरोबर, रजिस्टर नंबर बरोबर. नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. आईच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. जात, गाव, सगळीकडे प्रश्नचिन्हं.

"एकच नाही," बापूराव म्हणाले. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हजार असेच आहेत. ते गृहस्थ मला म्हणाले, मी या शाळेत होतो की नव्हतो यावर तुमचाच विश्वास दिसत नाही. काय उत्तर द्यायचं मी?"

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला श्रीनिवास बसले होते, शेजारी त्यांचा प्रोग्रामर अभय, पंचविशीतला, लॅपटॉप उघडून. श्रीनिवासांनी बोलायला सुरुवात केली ती बापूरावांकडे बघून, कल्याणीकडे नाही.

"सर, हे कॉमन आहे. ऑपरेटर लोक युनिकोडऐवजी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात. सिस्टिमला ते कळत नाही. आमच्या बाजूने सगळं टेस्टेड आहे."

आणि बापूरावांनी दुसरा कागद काढला. तो आधीच टाइप करून ठेवलेला होता, हे विशेष. त्यात लिहिलं होतं की आमच्या निष्काळजीपणामुळे सर्व नोंदी चुकीच्या फॉन्टमध्ये झाल्या, ही चूक आम्हाला मान्य आहे. खाली कल्याणीच्या सहीची जागा. प्रत माहितीसाठी म्हणून सात संस्थांची नावं होती. त्यातल्या पाच तिच्याकडून काम करून घ्यायच्या. हा कागद गेला की त्यांतली एकही फोन उचलणार नव्हती आणि महिन्याभरात चौघी घरी बसणार होत्या. बापूरावांनी पेनाचं टोपण काढून पेन तिच्यासमोर ठेवलं. अदबीने, अगदी पुणेरी अदबीने.

कल्याणीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तिचा राग ओरडणारा नाही. तिने पेन उचलून टोपण लावलं आणि परत ठेवलं.

"बापूराव, मला नोंदी बघायच्या आहेत. पडद्यावर. आणि पहिलं रजिस्टर आणून द्या."

"मॅडम, ॲक्सेस पॉलिसी—" श्रीनिवासांनी सुरुवात केली.

"दाखवा हो त्यांना," बापूराव म्हणाले. "लपवण्यासारखं उरलंय काय त्यात?"

अभयने लॅपटॉप फिरवला. रजिस्टर आलं. कल्याणी अर्धा तास तपासत राहिली. एक बोट रजिस्टरवर, एक बोट पडद्यावर. श्रीनिवास मोबाइलशी खेळत होते. मधे एकदा त्यांनी अभयला इंग्रजीत विचारलं, आणखी किती वेळ लागेल यांना. जणू इंग्रजी तिला कळतच नव्हतं.

मग ती बोलली.

"पहिल्या नोंदीत नाव आहे दशरथ. चार अक्षरं, इथे चार प्रश्नचिन्हं. खाली शंभू. श, त्यावर अनुस्वार, मग भ, मग ऊकार. कॉम्प्युटरच्या हिशेबी चार, इथे चार. त्याखाली मुक्ताई. म, उकार, क, पाय मोडायची खूण, त, काना, ई. सात. मोजा." तिने लॅपटॉप बापूरावांकडे वळवला. "मी शंभर नावं तपासली. एकही चिन्ह कमी नाही, एकही जास्त नाही."

"त्याने काय होतं?" बापूरावांनी विचारलं.

"जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलं असतं तर इथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला असता. प्रश्नचिन्ह नसतं आलं. प्रश्नचिन्ह येतं ते अस्सल मराठी अक्षर पाठवलं आणि वाटेत कुणाला तरी ते ओळखता आलं नाही म्हणून. प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामध्ये एक जोडणी असते. तिला सांगावं लागतं की या वाटेने जाणारी अक्षरं युनिकोडची, म्हणजे मराठीसकट सगळ्या भाषांची आहेत. नाही सांगितलं तर ती आपल्या मनाने इंग्रजी धरून चालते आणि न ओळखलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह टाकते. मूळ अक्षर तिथेच मेलं. परत मिळत नाही." मग ती अभयकडे वळली. "तुमच्या कनेक्शनची ओळ उघडा. त्यात कॅरेक्टर एन्कोडिंग लिहिलंय का, एवढंच वाचून दाखवा."

अभयने श्रीनिवासांकडे बघितलं. श्रीनिवास म्हणाले, "सोर्स कोड कॉन्फिडेन्शियल आहे."

"बरं, नका दाखवू," कल्याणी म्हणाली. तिने लॅपटॉप पुढे ओढला, फॉर्म उघडला, कीबोर्ड मराठीवर टाकला आणि नावाच्या रकान्यात 'श्रीनिवास' असं टाइप केलं. बापूरावांना विचारलं, "नीट लिहिलंय ना? वाचा." बापूरावांनी मोठ्याने वाचलं. तिने सेव्ह केलं. इंग्रजीत 'रेकॉर्ड सेव्हड' आलं. मग तीच नोंद उघडली. ओळीने नऊ प्रश्नचिन्हं.

"हे तुम्ही," ती श्रीनिवासांना म्हणाली. "आता सांगा, कुठला फॉन्ट चुकला?"

बापूरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि पडद्याजवळ वाकून ती नऊ चिन्हं बोटाने मोजली.

"तुम्ही टेस्टिंग कुठल्या नावांनी केलं होतं?" कल्याणीने अभयला विचारलं.

अभय पुटपुटला, "टेस्ट वन, टेस्ट टू... ए बी सी."

मराठी शाळांची मराठी रजिस्टरं, सॉफ्टवेअर करणारे झाडून सगळे मराठी, आणि चार महिन्यांत एकाच्याही बोटांनी एक मराठी नाव लिहून बघितलं नव्हतं. आईचं नाव नाही, स्वतःचंही नाही. अशांनीच तिला अकरा वेळा परत पाठवलं होतं, तुमचं कम्युनिकेशन कमी पडतं म्हणून.

पण खरा घाव पुढेच होता. अभयच्या चेहऱ्याकडे बघून तिने विचारलं, "रोज मोजणी तुम्हीच करायचात ना? मग ही चिन्हं कधी दिसली तुम्हाला?"

त्याने श्रीनिवासांकडे बघायचं टाळलं. मग खरं बोलला. "फर्स्ट वीकलाच, मॅडम. मला वाटलं माझ्या मशीनवर मराठी फॉन्ट नाही म्हणून तसं दिसतंय. सरांना सांगितलं होतं. ते म्हणाले, काउंट बरोबर आहे ना, मग ठीक आहे."

पहिल्या आठवड्यात. तेव्हा चारशे नोंदी झाल्या होत्या. चारशे पुन्हा टाइप करायला चौघींना एक दिवस लागला असता. कल्याणीला सुंदराबाईंचं खिडकीशी नेलेलं पान आठवलं आणि क्षणभर तिला समोरचा लॅपटॉप उचलून भिंतीवर मारावासा वाटला.

"एक ओळ आहे, सर," श्रीनिवास आता बापूरावांना सांगत होते. "मायनर फिक्स. दोन मिनिटांत होईल. डेटा तेवढा रि-एंटर करायला लागेल."

"तेवढा," कल्याणी म्हणाली.

बापूराव मुळात वाईट माणूस नव्हते, पण संस्थेत तीस वर्षं काढलेले. त्यांनी तिच्या सहीचा कागद फाडला आणि म्हणाले, "झालं ते झालं, ताई. आता आपण लिहू या, काही तांत्रिक कारणास्तव नोंदी पुन्हा कराव्या लागत आहेत. कुणाचं नाव नको, वाद नको."

"अर्ध्या तासापूर्वी नाव चालत होतं," ती म्हणाली. "निष्काळजीपणा शब्दही चालत होता. चूक माझी होती तोवर सात संस्थांना कळवायची होती. आता ती यांची निघाली तर लगेच तांत्रिक कारण झालं?"

बापूराव फाडलेल्या कागदाचे तुकडे गोळा करायला लागले.

"मी लिहिते," ती म्हणाली, आणि बापूरावांच्याच कॉम्प्युटरवर बसली. मिनिटाला चाळीस शब्द. डेटाबेसच्या जोडणीत अक्षरपद्धती नमूद केलेली नव्हती, त्यामुळे त्रेचाळीस हजार नोंदी नष्ट झाल्या. ही चूक सॉफ्टवेअर कंपनीची आहे. ती पहिल्या आठवड्यात लक्षात येऊनही कळवण्यात आली नाही. टंकलेखन अचूक होतं. खाली श्रीनिवासांच्या सहीची जागा, आणि प्रत माहितीसाठी म्हणून त्याच सात संस्था. छापून तिने कागद श्रीनिवासांसमोर ठेवला.

"मी असल्या कागदावर सही करत नाही," श्रीनिवास म्हणाले.

"नका करू. ही शाई आणि हे अक्षर वाचून टाइप करणारं दुसरं कुणी शोधा. जूनमध्ये शाळा सुरू होतील, दाखल्यांची रांग लागेल. तोवर मिळेलही कुणीतरी."

बापूरावांनी या वेळी पेनाचं टोपण काढून पेन श्रीनिवासांसमोर ठेवलं. अदब तीच. "करा हो," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर रांग मला नको." श्रीनिवासांनी सही केली. इंग्रजीत.

कल्याणीने चार झेरॉक्स काढून घेतल्या. खडकीला बसमधून उतरून जिना ती ताठ मानेने चढली. चौघींना तिने सगळं सांगितलं आणि एकेक प्रत हातात दिली. नम्रता दोनदा वाचून रडायला लागली. बाकीच्या दोघींनी घरी दाखवायला म्हणून घडी घालून पर्समध्ये ठेवली. सुंदराबाईंनी चष्मा पुसून शांतपणे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"कल्याणी," त्या म्हणाल्या, "ह्यात माफी कुठं मागितलीय?"

कल्याणीने कागद परत घेतला आणि वाचला. नव्हती. सगळं होतं, कारण होतं, जबाबदारी होती, अचूक टंकलेखन होतं. माफी नव्हती. कागद तिने स्वतः लिहिला होता, कुणी अडवलं नव्हतं, मनात येईल ते लिहिता आलं असतं, आणि तरी ते तिला सुचलंच नव्हतं. आपल्यावर आळ नको, एवढंच मागायची तिला सवय होती. दिवसभरात इतरांवर आला नव्हता इतका राग तिला त्या क्षणी स्वतःवर आला.

तिने बापूरावांना फोन लावला. उद्यापासून टायपिंग सुरू होणार नाही, असं सांगितलं. श्रीनिवासांनी आधी इथे येऊन या चौघींची माफी मागायची.

"अहो, सही मिळाली ना तुम्हाला," बापूराव म्हणाले. "आता एवढ्यासाठी अडून बसायचं?"

"एवढ्यासाठीच," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दोन दिवस पाचही कॉम्प्युटर बंद राहिले. चौघी वेळेवर येऊन आपापल्या खुर्चीवर बसायच्या आणि वेळेवर घरी जायच्या. तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला जिन्यावर बुटांचा आवाज आला. श्रीनिवास दारात उभे होते, मागे रजिस्टरांचा गठ्ठा घेऊन अभय. एकूण पाच खुर्च्या, पाचही भरलेल्या. कुणी उठलं नाही.

"जे झालं ते व्हायला नको होतं," श्रीनिवास म्हणाले. "त्याबद्दल आम्हाला खेद आहे."

सुंदराबाईंनी मान हलवली. "असं न्हाई. 'आमी चुकलो, तुमी न्हाई चुकलात,' असं म्हणा. आमच्याकडं बघून."

श्रीनिवासांनी कल्याणीकडे बघितलं. तिने चौघींकडे बोट केलं. मग त्यांनी एकेकीकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच, आणि म्हणाले, "आम्ही चुकलो. तुम्ही नाही चुकलात."

"हां," सुंदराबाई म्हणाल्या. त्यांनी पहिलं रजिस्टर उघडलं आणि कॉम्प्युटर सुरू केला.